इन्फ्युजन पंप : ठरलेल्या वेगाने औषध देणारे यंत्र – रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

आयसीयूमध्ये भेटायला आत गेल्यावर नातेवाइकाची नजर आधी मॉनिटरवर जाते. मग ती पलंगाशेजारच्या स्टँडवर एकाखाली एक लावलेल्या छोट्या यंत्रांवर पडते. एकात मोठी सिरिंज आडवी बसवलेली असते, तर दुसऱ्यातून सलाइनची नळी गेलेली असते. पडद्यावर ४.५, २.०, ७५ असे आकडे दिसतात. मध्येच एखादे यंत्र टीं-टीं वाजू लागते आणि नातेवाइकाच्या पोटात गोळा येतो. 'हे काय आहे? का वाजतंय? औषध बंद पडलं का?' हे प्रश्न आम्हा डॉक्टरांना रोज विचारले जातात. या यंत्रांना इन्फ्युजन पंप म्हणतात. ते कसे चालतात, त्यांचा फायदा काय, धोके कोणते आणि रुग्णाच्या जवळच्या माणसाने काय करावे, हे या लेखात पाहू.

इन्फ्युजन पंप म्हणजे काय?

शरीरात द्रवरूप औषध ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळेपर्यंत, न थांबता सोडणारे यंत्र म्हणजे इन्फ्युजन पंप. औषध बहुतेक वेळा शिरेतून दिले जाते. काही औषधे त्वचेखाली दिली जातात, उदाहरणार्थ इन्सुलिन. काही वेळा मणक्यातील पोकळीत बारीक नळी ठेवून, म्हणजे एपिड्युरलमधून, वेदनाशामक औषध दिले जाते. पंप कोणताही असो, त्याचे मुख्य काम एकच असते : वेग सांभाळणे.

साधी सलाइन का पुरत नाही?

साधी सलाइन गुरुत्वाकर्षणावर चालते. बाटली उंच टांगायची आणि नळीवरचे चाक फिरवून थेंब मोजायचे. मोठ्यांसाठीच्या नेहमीच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचे १ मि.ली. होतात. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचे १ मि.ली. होते. ५०० मि.ली.ची बाटली ४ तासांत संपवायची असेल, तर तासाला १२५ मि.ली., म्हणजे २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडायला हवेत. पण रुग्णाने हात दुमडला, कूस बदलली किंवा तो उठून बसला, की हा वेग बदलतो. साध्या सलाइनसाठी एवढा फरक सहसा चालतो. एक बाटली चारऐवजी पाच तासांत गेली, तर बहुतेक रुग्णांचे काही बिघडत नाही.

काही औषधांच्या बाबतीत मात्र हा फरक जिवावर बेतू शकतो. रक्तदाब टिकवण्यासाठी दिले जाणारे नॉरॲड्रेनालिन हे त्याचे उत्तम उदाहरण. हे औषध शरीरात गेल्यावर काही मिनिटांतच निष्प्रभ होते. त्यामुळे ते सतत जात राहावे लागते. थांबले तर रक्तदाब कोसळतो आणि जास्त गेले तर एकदम चढतो. शिरेतून दिले जाणारे इन्सुलिन, पोटॅशियम, रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन, व्हेंटिलेटरवरील रुग्णाला शांत ठेवणारी औषधे आणि प्रसूतीच्या कळा वाढवण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिन यांच्या बाबतीतही वेगाला असेच महत्त्व आहे. नवजात बाळाला तर तासाला जेमतेम काही मि.ली. द्रव द्यायचा असतो. तेथे थेंब मोजून भागत नाही.

पंपांचे मुख्य प्रकार

१. सिरिंज पंप : यात ५० मि.ली.ची (कधी २० मि.ली.ची) सिरिंज बसवतात. यंत्रातील मोटर सिरिंजचा दट्ट्या अतिशय हळूहळू पुढे ढकलते. कमी प्रमाणात द्यायच्या तीव्र औषधांसाठी हा पंप वापरतात. आयसीयू, ऑपरेशन थिएटर आणि नवजात अतिदक्षता विभागात तो सर्वांत जास्त दिसतो.

२. व्हॉल्युमेट्रिक पंप : सलाइनची नळी यंत्राच्या दारातून आत बसवतात. आतली बोटांसारखी दांडकी नळी क्रमाने दाबत जातात आणि द्रव पुढे सरकतो. मोठ्या प्रमाणात द्यायचे द्रव, अँटिबायोटिक आणि केमोथेरपी यासाठी तो उपयोगी आहे.

३. पीसीए पंप : शस्त्रक्रियेनंतर किंवा कॅन्सरच्या तीव्र वेदनांसाठी. दुखू लागले की रुग्णाने हातातील बटण दाबायचे. ठरलेला छोटा डोस लगेच जातो. त्यानंतर काही मिनिटे बटण कितीही दाबले तरी औषध जात नाही. या वेळेला लॉकआउट म्हणतात.

४. इन्सुलिन पंप : मोबाइलपेक्षा लहान असलेले आणि कमरेला लावून फिरता येणारे यंत्र. त्याबद्दल पुढे सविस्तर माहिती आहे.

५. फुग्याचा (इलॅस्टोमेरिक) पंप : यात वीज नाही, बॅटरी नाही, पडदाही नाही. रबरासारख्या फुग्यात औषध भरलेले असते. फुगा आकसत जातो आणि औषध नळीतून पुढे जाते. आतड्याच्या कॅन्सरच्या काही उपचारांत फ्लुरोयुरॅसिल हे औषध ४६ तास सतत द्यावे लागते. असा पंप लावून रुग्ण घरी जाऊ शकतो.

६. सिरिंज ड्रायव्हर : बॅटरीवर चालणारा, पिशवीत ठेवून फिरता येणारा छोटा सिरिंज पंप. मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाने असे यंत्र थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी तयार केले. वारंवार रक्त दिल्याने त्यांच्या शरीरात साचलेले लोह काढण्यासाठी डेस्फेरॉक्झामिन हे औषध त्वचेखाली ८ ते १२ तास, आठवड्यातून ५ ते ७ रात्री द्यावे लागे. १९७९ च्या सुमारास हेच यंत्र अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या वेदनाशमनासाठी वापरले जाऊ लागले. थॅलेसेमियासाठी आता तोंडाने घ्यायची औषधे आल्याने अनेक मुलांची रात्रीच्या सुईतून सुटका झाली आहे. पॅलिएटिव्ह केअरमध्ये मात्र सिरिंज ड्रायव्हरला आजही मोठे महत्त्व आहे.

पडद्यावरचा आकडा काय सांगतो?

पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा बहुधा 'तासाला किती मि.ली.' हा असतो. तो औषधाचा डोस नसतो. डोस हा सिरिंजमध्ये औषध किती दाट मिसळले आहे यावर अवलंबून असतो.

एक उदाहरण घेऊ. ५० मि.ली. सिरिंजमध्ये ४ मि.ग्रॅ. नॉरॲड्रेनालिन मिसळले, तर प्रत्येक मि.ली.मध्ये ८० मायक्रोग्रॅम औषध असते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला दर किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचे आहे. म्हणजे मिनिटाला ६ आणि तासाला ३६० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८० म्हणजे तासाला ४.५ मि.ली. उद्या हेच औषध ५० मि.ली.मध्ये ८ मि.ग्रॅ. असे दुप्पट दाट केले, तर पंपावर ४.५ ऐवजी २.२५ दिसेल. आकडा निम्मा झाला, पण डोस तोच आहे.

म्हणून 'काल पाचवर होतं, आज दहावर आहे, म्हणजे पेशंट बिघडला' असा निष्कर्ष परस्पर काढू नका. 'बीपीच्या औषधाचा डोस कालपेक्षा वाढला की कमी झाला?' असे डॉक्टरांना सरळ विचारा.

पंप वाजतो तेव्हा

अलार्म म्हणजे संकटच असे नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते :

• अडथळा (ऑक्लुजन) : नळीला पीळ पडला, हात दुमडला, थ्री-वेची कळ बंद राहिली किंवा सुईच्या टोकाशी रक्त गोठले.
• नळीत हवा : व्हॉल्युमेट्रिक पंपाला बुडबुडा दिसला की तो थांबतो.
• औषध संपत आले : सिस्टरांनी पुढची सिरिंज तयार ठेवावी म्हणून आधीच मिळणारी सूचना.
• बॅटरी कमी : प्लग निघाला किंवा वीज गेली.
• दार उघडे किंवा सिरिंज नीट बसलेली नाही.

साधे कारण असले तरी अलार्मकडे दुर्लक्ष करायचे नसते. रक्तदाबाचे औषध थांबले असेल, तर काही मिनिटांचा उशीरही महागात पडतो. अलार्म वाजला की सिस्टरांना बोलवा. आवाज बंद करण्याचे बटण स्वतः दाबू नका. आवाज थांबला म्हणजे औषध सुरू झाले, असे नसते.

एक धोका मात्र अलार्म सांगेलच असे नाही. सुई शिरेतून निसटून औषध आजूबाजूच्या मांसात जाऊ लागले, तरी पंप शांतपणे ढकलत राहतो. म्हणून सुईच्या जागी सूज, दुखणे, आग, लाली, किंवा त्वचा पांढरी, गार पडणे असे काही दिसले तर पंप वाजत नसला तरी लगेच सांगा. केमोथेरपीची काही औषधे आणि नॉरॲड्रेनालिन यांनी त्या जागची त्वचा मरू शकते.

चुका कुठे होतात?

पंप सांगितलेला वेग इमानेइतबारे पाळतो. सांगणारा चुकला, तर तो चूकही तितक्याच इमानाने पाळतो.

२००६ मध्ये कॅनडातील एडमंटन शहरात एका कॅन्सर रुग्णाला घरी नेण्याच्या पंपातून फ्लुरोयुरॅसिल चार दिवसांत द्यायचे होते. वेग हवा होता तासाला १.२ मि.ली. औषधाच्या लेबलवर २४ तासांचा आकडाही होता : २८.८ मि.ली. हिशेब करताना २४ ने भागायचे राहून गेले आणि पंपावर तासाला २८.८ असा वेग भरला गेला. दोन परिचारिकांनी तपासूनही चूक लक्षात आली नाही. चार दिवसांचे औषध चार तासांत गेले. काही आठवड्यांतच त्या रुग्णाचा मृत्यू झाला.

ब्रिटनमध्ये सिरिंज ड्रायव्हरच्या दोन दिसायला सारख्या मॉडेलांनी असाच घोळ केला. निळ्या यंत्राचा वेग तासाला किती मिलिमीटर असा भरायचा, तर हिरव्याचा २४ तासांना किती मिलिमीटर असा. यंत्रांची अदलाबदल झाली, की डोस चोवीसपट चुकायचा. यात रुग्ण दगावले. अखेर डिसेंबर २०१० मध्ये तेथील रुग्णसुरक्षा यंत्रणेने, मिलिमीटरवर चालणारी यंत्रे पाच वर्षांत बंद करून तासाला मि.ली. दाखवणारीच वापरावीत, अशी सूचना काढली.

दोन्ही घटनांत घात केला तो २४ या आकड्याने, म्हणजे तास आणि दिवस यांच्या गोंधळाने. एका माणसाचे दुर्लक्ष एवढेच त्याचे कारण नव्हते. लेबल आणि यंत्रही अशीच होती की थकलेला माणूस सहज चुकावा.

यंत्रातही दोष निघतात. अमेरिकेच्या एफडीएकडे २००५ ते २००९ या पाच वर्षांत इन्फ्युजन पंपांशी संबंधित अपायकारक घटनांचे सुमारे ५६,००० अहवाल आले आणि त्याच काळात ८७ वेळा पंप बाजारातून परत मागवावे लागले. सॉफ्टवेअरमधील बिघाड, गोंधळात टाकणारे पडदे आणि यांत्रिक दोष ही मुख्य कारणे होती.

आता 'स्मार्ट पंप' आले आहेत. त्यांत औषधांची यादी आणि प्रत्येकाची डोसमर्यादा साठवलेली असते. आकडा मर्यादेबाहेर गेला, की पंप इशारा देतो किंवा सुरूच होत नाही. पण इशारा डावलून पुढे गेले किंवा यादीतून औषध न निवडता नुसता वेग भरला, तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणून तीव्र औषधांसाठी दोघांनी स्वतंत्रपणे हिशेब करून मग आकडे जुळवणे ही चांगली पद्धत आहे. पहिल्याने केलेला हिशेब दुसऱ्याने नुसता पाहून मान डोलावणे म्हणजे तपासणी नव्हे.

नातेवाइकांनी काय करावे, काय करू नये

१. पंपाचे कोणतेही बटण दाबू नका, अगदी 'फक्त आवाज बंद करायला' म्हणूनही नाही.

२. पीसीएचे बटण फक्त रुग्णाने दाबायचे. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. झोप येऊ लागली की रुग्ण बटण दाबत नाही आणि औषध आपोआप थांबते. पंपाची सुरक्षा यावरच उभी आहे. 'आईला झोपेत दुखू नये' म्हणून मुलाने बटण दाबत राहिल्यास मॉर्फिनमुळे श्वास मंदावून बंद पडू शकतो.

३. पंप खाली-वर सरकवू नका. कमी वेगावर चालणारा सिरिंज पंप अचानक उंच केला, तर क्षणभर जास्त औषध जाते आणि खाली आणला तर काही वेळ थांबते. सिरिंज यंत्रात नीट अडकलेली नसेल, तर उंचीमुळे औषध आपोआप आत ओढले जाऊ शकते.

४. पंप प्लगला जोडलेला आहे ना, हे पाहा. मोबाइल चार्ज करण्यासाठी पंपाचा किंवा व्हेंटिलेटरचा प्लग काढू नका. बॅटरीवर पंप काही तास चालतो, पण जुनी बॅटरी लवकर उतरते.

५. शौचालयाला जाताना किंवा कपडे बदलताना नळी स्वतः काढू नका. चाक बंद न करता नळी पंपातून सोडवली, तर सगळे औषध एकदम आत जाऊ शकते.

६. एमआरआयच्या खोलीत साधा पंप नेता येत नाही. तेथील चुंबक तो खेचून घेतो. रुग्णाला पंप लावलेला आहे, हे तेथील कर्मचाऱ्यांना आधीच सांगा.

७. रुग्ण एकाएकी खूप झोपाळू झाला, श्वास मंद झाला, घाम फुटला, धडधड किंवा बडबड सुरू झाली, तर पंप ठीक दिसत असला तरी लगेच सांगा. यंत्रापेक्षा रुग्णाकडे पाहणे महत्त्वाचे.

घरी पंप असेल तर

इन्सुलिन पंप : हा मुख्यतः टाइप १ मधुमेहात वापरतात. पंप दिवसभर थोडे थोडे इन्सुलिन सोडतो, त्याला बेसल म्हणतात. जेवणाच्या वेळी रुग्ण बटण दाबून जादा डोस घेतो, तो बोलस. त्वचेखालील नळीचा सेट साधारण दर २ ते ३ दिवसांनी बदलावा लागतो. काही पंप ग्लुकोज सेन्सरला जोडलेले असतात. साखर घसरू लागली की ते इन्सुलिन थांबवतात.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते. शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसतो. नळी निसटली किंवा दुमडली, तर काही तासांतच कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. साखर २५० मि.ग्रॅ.च्या वर जाऊन उतरत नसेल, तर कीटोन तपासा, सेट बदला, पेनने इन्सुलिन घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर थेट रुग्णालयात जा. दुसरी, आपल्याकडे औषधाच्या दुकानात एका मि.ली.मध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्याही मिळतात. पंप १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी बनवलेले असतात. चुकून ४० चे भरले, तर डोस निम्म्याहूनही कमी जातो. तिसरी, पंप बंद पडू शकतो. जादा सेट, बॅटरी, इन्सुलिन पेन आणि साखर तपासायचे यंत्र नेहमी जवळ ठेवा.

साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

केमोथेरपीचा फुग्याचा पंप : याला अलार्म नसतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ फुग्याचा आकार पाहा. तो हळूहळू लहान होत गेला पाहिजे. उष्णतेने औषध लवकर जाते, त्यामुळे पंप उन्हात किंवा गरम पाण्याच्या पिशवीजवळ ठेवू नका. फुगा ठरल्या वेळेच्या खूप आधी रिकामा झाला, तर 'बरं झालं, लवकर संपलं' असे समजू नका. त्याच क्षणी रुग्णालयाला कळवा. औषध गळले, तर नळीचा चाप बंद करा, उघड्या हाताने पुसू नका, हातमोजे वापरा आणि त्वचेवर सांडल्यास साबण-पाण्याने धुवा.

वेदनाशमनाचा सिरिंज ड्रायव्हर : रुग्णाला गिळता येत नसेल, सतत उलट्या होत असतील, तेव्हा त्वचेखाली २४ तास औषध दिले जाते. 'पंप लावला म्हणजे आता शेवट' असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. उलट्या थांबल्यावर पंप काढून पुन्हा गोळ्या सुरू केलेले रुग्ण आम्ही पाहतो. योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही. ते वेदना कमी करते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नळीत बुडबुडा दिसतो. तो हृदयात जाईल का?
हाताच्या शिरेत लावलेल्या नळीतील एखाद-दुसऱ्या बारीक बुडबुड्याने मोठ्या माणसाला सहसा अपाय होत नाही. मात्र हृदयाला छिद्र असलेली मुले आणि मानेच्या मोठ्या शिरेतील नळी असलेले रुग्ण यांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते. नळीचा बराच भाग हवेने भरलेला दिसला तर लगेच सांगा.

चार-पाच पंप म्हणजे रुग्ण अत्यवस्थ आहे का?
तसेच असेल असे नाही. काही औषधे एकमेकांत मिसळता येत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वेगळा पंप लागतो. कोणता पंप कशासाठी आहे, हे विचारणे हा तुमचा हक्क आहे.

प्रत्येक रुग्णाला पंप लागतो का?
नाही. साध्या सलाइनसाठी आणि अनेक अँटिबायोटिक्ससाठी थेंब मोजणे पुरेसे असते.

पंपामुळे अपाय झाला, अशी शंका असेल तर?
प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. पंप, सिरिंज आणि नळी फेकू न देता ठेवायला सांगा. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेण्यासाठी भारतात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवते. १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न

• या पंपातून कोणते औषध जात आहे आणि कशासाठी?
• ते किती तासांत किंवा किती दिवसांत संपायला हवे?
• थांबले किंवा लवकर संपले तर काय होईल?
• रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा?

यातला दुसरा प्रश्न घरी पंप नेणाऱ्या प्रत्येकाने विचारलाच पाहिजे. उत्तर कागदावर लिहून पंपाच्या पिशवीत ठेवा : पंप लावल्याची तारीख व वेळ आणि संपण्याची तारीख व वेळ. वेग भरताना झालेली चूक हिशेब न येणाऱ्यालाही या दोन ओळींवरून ओळखता येते, आणि तीही वेळेत.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. पंपाचा वेग, औषध किंवा डोस यांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये.)